झोप उडते, आठवण विस्कटते

धडधाकट तरुणी अचानक रात्र-रात्र जागू लागते, असंबद्ध बोलते, सकाळी काय खाल्ले तेही तिला आठवत नाही. घरच्यांना वाटते, परीक्षेचा ताण असेल, नाहीतर बाहेरची बाधा. पण हा ऑटोइम्यून एन्सेफलायटिस असू शकतो.

यात आपलीच रोगप्रतिकारशक्ती मेंदूवर उलटते. डॉ. जोसेप डालमाऊ आणि सहकाऱ्यांनी २००७ मध्ये उलगडलेल्या प्रकारात प्रतिपिंडे ‘एनएमडीए’ रिसेप्टरना चिकटतात आणि ते चेतापेशीच्या पृष्ठभागावरून कमी होतात. शिकणे, लक्षात ठेवणे त्यांच्यावरच अवलंबून असल्याने स्मृती ढासळते. सुरुवातीला झोप उडते. बरे होताना उलट अतिझोप येते. काही तरुणींमध्ये आजाराचे मूळ अंडाशयातल्या गाठीत असते.

निदानासाठी पाठीच्या मणक्यातले पाणी तपासतात. स्टिरॉइड, इम्युनोग्लोब्युलिन, प्लाझ्मा बदलणे हे मुख्य उपचार. गाठ असल्यास ती काढतात. बहुतेक रुग्ण सावरतात, पण एकाग्रता आणि स्मरणशक्ती परतायला अनेक महिने लागतात. तोवर अभ्यासाची, नोकरीची घाई करू नका.

थोड्याच दिवसांत वागणे बदलले, झोप उडाली, सोबत झटके आले, तर अंगारे-धुपारे करत बसू नका. लगेच न्यूरॉलॉजिस्टना दाखवा. उपचार जितके लवकर, तितका मेंदू वाचतो.