पाळीव प्राण्यांचा आहार, लेखांक ६ : कोरड्या श्वानखाद्याची पारख

श्वानखाद्याच्या पिशवीवरची घटकयादी वजनाच्या उतरत्या क्रमाने छापलेली असते. ज्याचे वजन सर्वांत जास्त, तो घटक सर्वांत वर. हे वजन मात्र कच्च्या मालाचे, खाद्य शिजण्यापूर्वीचे असते. यादीत पहिल्याच जागी ‘ताजे चिकन’ दिसले की घेणारा निर्धास्त होतो, पण ताज्या चिकनमध्ये सुमारे ७० टक्के पाणी असते आणि तयार दाण्यात ओलावा उरतो तो १० टक्क्यांच्या आसपास. एका काल्पनिक मिश्रणात २५ किलो ताजे चिकन आणि २४ किलो मका असेल, तर यादीत चिकन पहिले आणि मका दुसरा. पाणी वजा केल्यावर चिकनचा कोरडा अंश भरतो साडेसात किलो. मक्यात मुळातच पाणी १२ टक्के, त्यामुळे त्याचा कोरडा अंश २१ किलोंच्या वर जातो. पिशवी फोडून वाडग्यात ओतलेल्या दाण्यात मका चिकनच्या जवळजवळ तिप्पट असतो. यात कंपनीने खोटे काहीच छापलेले नसते. नियमच तसा आहे.

याच नियमाचा दुसरा फायदा घटक फोडून लिहिण्यात घेता येतो. मक्याचा भरडा, मक्याचे पीठ आणि मक्याचे ग्लुटेन असे तीन घटक वेगवेगळे लिहिले की प्रत्येकाचे वजन कमी दिसते आणि मांस आपोआप वर सरकते. तांदूळ, तांदळाची कणी आणि तांदळाचा कोंडा यांचेही तसेच. धान्य नसलेल्या महागड्या खाद्यांत हा प्रकार वाटाण्याच्या बाबतीत दिसतो : वाटाणा, वाटाण्याचे प्रथिन, वाटाण्याचे तंतू. एकाच धान्याची किंवा डाळीची भावंडे यादीत दोन-तीनदा आली, तर त्यांची मनातल्या मनात बेरीज करून मगच पहिला क्रमांक कोणाचा ते ठरवावे.

यादीच्या खालच्या टोकाला मीठ कामी येते. कोरड्या खाद्यात वरून घातलेले मीठ बहुधा एक टक्क्याच्या आतबाहेर असते. मिठाच्या नंतर आलेला प्रत्येक घटक त्याहून कमी. पिशवीच्या दर्शनी बाजूला ब्लूबेरी, पालक, हळद आणि गाजराची रंगीत चित्रे असतात आणि मागे हीच मंडळी मिठाच्या पुष्कळ खाली सापडतात. जीवनसत्त्वे आणि खनिजे मात्र तिथेच असायची. ती थोडीच लागतात. व्हिटॅमिन ई, झिंक सल्फेट, कॉपर सल्फेट अशी रासायनिक वाटणारी नावे दिसली म्हणून बिचकण्याचे कारण नाही. खाद्य पूर्ण होते ते त्यांच्यामुळेच.

‘चिकन मील’ या शब्दावर बरेच जण नाक मुरडतात. मील म्हणजे मांस, त्वचा आणि हाडे शिजवून, त्यातली चरबी व पाणी काढून दळलेली कोरडी भुकटी. पाणी आधीच गेलेले असल्याने तिच्यात प्रथिने साधारण ६५ टक्के असतात. तिसऱ्या क्रमांकावरचे मील पहिल्या क्रमांकावरच्या ताज्या चिकनपेक्षा जास्त प्रथिने देत असण्याची शक्यता मोठी आहे. मीलचा दर्जा मात्र कारखान्यागणिक बदलतो. हाडांचे प्रमाण वाढले की राख, म्हणजे खनिजांचा अंश वाढतो. फार तापवले की लायसिनसारखी नाजूक अमिनो आम्ले निकामी होतात.

उपउत्पादनांची, म्हणजे बायप्रॉडक्टची, बदनामी तर त्याहून मोठी. या शब्दात यकृत, हृदय, फुप्फुस, मूत्रपिंड, प्लीहा आणि साफ केलेली आतडी येतात. कलेजी आणि वजडी आवडीने खाणाऱ्या महाराष्ट्रात तरी या शब्दाची भीती वाटायला नको. अमेरिकी व्याख्येनुसार कोंबडीच्या उपउत्पादनात डोकी आणि पाय चालतात, पिसे चालत नाहीत. खरी अडचण आहे ती मोघम नावांची. ‘मीट अँड मीट बायप्रॉडक्ट्स’ किंवा ‘सीरियल्स अँड सीरियल बायप्रॉडक्ट्स’ एवढेच लिहिले असेल, तर प्राणी कोणता आणि धान्य कोणते हे ग्राहकाला कळत नाही. बाजारभावाप्रमाणे पाककृती बदलायची मोकळीक त्यातून उत्पादकाला मिळते. नाजूक पोटाच्या किंवा एखाद्या मांसाची ॲलर्जी असलेल्या कुत्र्यासाठी असे खाद्य टाळलेले बरे.

घटकयादीचा उपयोग इथपर्यंतच. तिच्यावरून कच्च्या मालाची नावे कळतात; तो माल किती चांगला होता आणि कुत्र्याच्या अंगी किती लागेल, हे कळत नाही. त्यासाठी शेजारचा आकड्यांचा तक्ता पाहावा लागतो.

या तक्त्यात चार आकडे ठरलेले : क्रूड प्रोटीन आणि क्रूड फॅट किमान, क्रूड फायबर आणि ओलावा कमाल. ‘क्रूड’ या विशेषणाचा दर्जाशी संबंध नाही, ते मोजण्याच्या रीतीकडे बोट दाखवते. डॅनिश रसायनशास्त्रज्ञ योहान केल्डाल याने १८८३ मध्ये कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत काढलेल्या पद्धतीत प्रथिन थेट मोजले जात नाही. नमुन्यातला नायट्रोजन मोजतात आणि त्याला ६.२५ ने गुणतात. मग तो नायट्रोजन मांसातला असो वा शिंगा-खुरांतला, आकडा सारखाच येतो. या पळवाटेचे सर्वांत भीषण उदाहरण २००७ चे. चीनमधून उत्तर अमेरिकेत गेलेल्या गव्हाच्या ग्लुटेनमध्ये मेलामाइन मिसळलेले निघाले. मेलामाइनमध्ये वजनाने सुमारे दोन तृतीयांश नायट्रोजन असतो. केल्डालच्या हिशेबाने १०० ग्रॅम मेलामाइन ४०० ग्रॅमहून जास्त ‘प्रथिन’ दाखवते. मूत्रपिंडे निकामी होऊन अनेक कुत्री-मांजरे दगावली आणि मार्चपासून शेकडो उत्पादने बाजारातून परत घ्यावी लागली. त्यांत बहुतेक ओले खाद्य होते, पण धडा कोरड्यालाही लागू आहे : प्रथिनाचा आकडा प्रमाण सांगतो, प्रत सांगत नाही.

दोन खाद्यांची तुलना करायची तर आधी ओलावा बाजूला काढावा लागतो. कोरड्या पिशवीवर प्रथिने २२ टक्के आणि डबाबंद खाद्यावर ८ टक्के पाहून डबा निकस वाटतो. पिशवीत ओलावा १० टक्के, म्हणजे कोरडा अंश ९०. २२ भागिले ९०, प्रथिने २४.४ टक्के. डब्यात ओलावा ७८, कोरडा अंश २२; ८ भागिले २२, प्रथिने ३६ टक्क्यांच्या वर.

त्याहून चोख तुलना उष्मांकांवर होते, कारण कुत्र्याचे रोजचे प्रमाण उष्मांकांनीच ठरते. कर्बोदकांचा आकडा पिशवीवर सहसा नसतो, तो वजाबाकीने काढता येतो. प्रथिने २४, स्निग्धांश १२, तंतू ४, ओलावा १० आणि राख ७ टक्के असेल, तर बेरीज ५७. उरलेले ४३ टक्के कर्बोदके. राख छापलेली नसल्यास ६ ते ८ टक्के धरायला हरकत नाही. प्रथिने व कर्बोदके ग्रॅमला साडेतीन आणि स्निग्धांश साडेआठ किलोकॅलरी या प्रचलित गुणकांनी १०० ग्रॅम खाद्यात सुमारे ३३६ किलोकॅलरी येतात, म्हणजे दर १,००० किलोकॅलरींमागे ७१ ग्रॅम प्रथिने. पिशवीवरचे आकडे किमान-कमाल स्वरूपाचे असल्याने उत्तर ढोबळच राहते, पण दोन पिशव्या शेजारी ठेवायला ते पुरते.

हे ७१ ग्रॅम कमी की जास्त, हे ठरवायला मानक लागते. सर्वाधिक उल्लेख होतो तो ‘ॲफको’ या अमेरिकी संस्थेच्या पोषणतक्त्यांचा. १९०९ पासून चालत आलेली ही पशुखाद्य नियंत्रण अधिकाऱ्यांची संघटना आहे. ती कोणत्याही खाद्याला मान्यता किंवा प्रमाणपत्र देत नाही. ‘ॲफको ॲप्रूव्हड’ असे छापणारा सरळसरळ चुकीचे छापतो. तिच्या तक्त्यानुसार प्रौढ कुत्र्याला कोरड्या अंशात किमान १८ टक्के प्रथिने आणि ५.५ टक्के स्निग्धांश लागतात. पिल्लांना आणि गाभण किंवा अंगावर पाजणाऱ्या कुत्रीला २२.५ आणि ८.५ टक्के. उष्मांकांवर मोजले तर प्रौढासाठी दर १,००० किलोकॅलरींना ४५ ग्रॅम प्रथिने, म्हणजे वरचे काल्पनिक खाद्य निकषाच्या बरेच वर आहे. युरोपात ‘फेडिआफ’ची मानके चालतात. भारतात भारतीय मानक ब्युरोने या खाद्यासाठी मानक केले आहे, तरी इथल्या पुष्कळ पिशव्या ॲफको किंवा फेडिआफचेच नाव घेतात.

पिशवीवरचे सर्वांत उपयोगी वाक्य बारीक अक्षरात असते. खाद्य ‘पूर्ण व संतुलित’ आहे का, कोणत्या वयासाठी, आणि कशाच्या आधारावर, हे त्यात सांगितलेले असते. ‘इंटरमिटंट ऑर सप्लिमेंटल फीडिंग’ असे लिहिलेले खाद्य रोजचे जेवण म्हणून चालत नाही. आधार दोन प्रकारचा असतो : पाककृती तक्त्याशी जुळवलेली, किंवा प्रत्यक्ष कुत्र्यांना खाऊ घालून तपासलेली. प्रौढांच्या खाऊ घालण्याच्या चाचणीत किमान ८ कुत्री २६ आठवडे फक्त तेच खाद्य खातात. त्यांतली ६ शेवटपर्यंत टिकावी लागतात, कोणाचेही वजन १५ टक्क्यांहून जास्त घटता कामा नये, आणि हिमोग्लोबिन, अल्ब्युमिन अशा मोजक्या रक्ततपासण्या ठीक याव्या लागतात. चाचणी फार कडक नाही. सहा महिन्यांत दिसणारी कमतरता ती पकडते, सहा वर्षांत दिसणारी पकडत नाही. तरीही काहीच न तपासण्यापेक्षा ती बरी.

मोठ्या जातीच्या पिल्लांच्या बाबतीत हे वाक्य डोळ्यांत तेल घालून वाचावे. ग्रेट डेन, जर्मन शेफर्ड किंवा लॅब्राडोरच्या पिल्लाला कॅल्शियम जास्त मिळाले की सांगाडा बिघडतो. जास्तीचे शोषण थोपवण्याची क्षमता लहान पिल्लात नसते. म्हणून अशा पिल्लांच्या खाद्यात कॅल्शियमची कमाल मर्यादा कोरड्या अंशात १.८ टक्के आहे. इतरांसाठी ती २.५. संतुलित खाद्यावर वरून कॅल्शियमचे सिरप पाजण्याची आपल्याकडची हौस म्हणूनच अंगाशी येते.

धान्य वाईट, हा समज अलीकडचा आणि बराचसा जाहिरातींनी पोसलेला. २०१३ मध्ये ‘नेचर’मध्ये आलेल्या जनुकीय अभ्यासात लांडग्यात पिष्टमय पदार्थ पचवणाऱ्या अमायलेज जनुकाच्या दोन प्रती आढळल्या, कुत्र्यात ४ ते ३०. माणसाच्या शेतीबरोबर कुत्र्याचे पोटही बदलले. शिजलेला तांदूळ, मका, गहू कुत्रा चांगला पचवतो. कोरडा दाणा तर पिठूळ घटकाशिवाय नीट धरतही नाही : एक्स्ट्रूडरमधून दाबाखाली, शंभर अंशांहून जास्त तापमानाला निघताना फुगणारा स्टार्चच त्याला आकार देतो. धान्य काढले की त्या जागी बटाटा, वाटाणा किंवा मसूर येतो, मांस येतेच असे नाही. जुलै २०१८ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने, डाळी आणि वाटाणे भरपूर असलेले धान्यविरहित खाद्य आणि हृदयाचे स्नायू ढिले पडण्याचा विकार यांच्या संभाव्य संबंधाची चौकशी जाहीर केली. कार्यकारण सिद्ध झाले नाही, आणि डिसेंबर २०२२ मध्ये नवी शास्त्रीय माहिती येईपर्यंत यापुढे निवेदने न काढण्याचे प्रशासनाने ठरवले. पशुवैद्याने कारण सांगितल्याखेरीज धान्यविरहित खाद्यासाठी जास्त पैसे मोजण्यात मतलब नाही.

शाकाहारी घरांतून शाकाहारी दाण्यांना मागणी आहे. मांजराचे तसे भागत नाही, कुत्र्याचे भागू शकते. मात्र मेथिओनिनसारखी अमिनो आम्ले मोजून घातलेली असावीत आणि ‘पूर्ण व संतुलित’ हे वाक्य तिथेही असावे. दूध-पोळी आणि दहीभात हा त्याला पर्याय नाही. त्याने पोट भरते, पण प्रथिने, लोह, झिंक सगळेच तोकडे पडते.

लाल-हिरव्या दाण्यांचा रंग माणसासाठी असतो. कुत्र्याला निळा आणि पिवळा एवढेच रंग वेगळे दिसतात. लाल-हिरव्यातला फरक त्याला कळत नाही. चवीचा थर आणि बरीचशी चरबी दाणा वाळल्यावर वरून फवारलेली असते. हवेशी गाठ पडली की पहिल्यांदा खवट होते ती हीच चरबी. तिला धरून ठेवण्यासाठी बीएचए, बीएचटी किंवा व्हिटॅमिन ई गटातले टोकोफेरॉल वापरतात. टोकोफेरॉलचे संरक्षण कमी टिकते, तेव्हा ‘नैसर्गिक’ पिशवी घेताना तारीख जास्त काळजीने पाहावी. दुकानात उघड्या पोत्यातून किलोवर मिळणारे सुटे खाद्य स्वस्त पडते. पण त्याला ना तारीख, ना बॅच, ना घटकयादी. कोकणातल्या किंवा मुंबईतल्या पावसाळ्यात असा दाणा सादळतो आणि बुरशी धरतो. मक्यावरच्या बुरशीचे अफ्लाटॉक्सिन एक्स्ट्रूडरच्या उष्णतेनेही पुरते नष्ट होत नाही आणि ते थेट यकृतावर घाव घालते. २०२०च्या अखेरीस अमेरिकेत उघडकीस आलेल्या अशा दूषित खाद्याशी जोडले गेलेले कुत्र्यांचे मृत्यू पुढे शंभराच्या वर गेले. पिशवी महिना-दीड महिन्यात संपेल एवढीच घ्यावी आणि दाणे मूळ पिशवीसकट घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवावेत. रिकाम्या डब्याच्या तळाशी राहिलेली जुनी चरबी नव्या दाण्यालाही खवट करते.

पिशवीवर न छापलेल्या गोष्टी कंपनीला विचारता येतात. पाककृती पशुपोषणातल्या तज्ज्ञाने बनवली आहे का, उत्पादन स्वतःच्या कारखान्यात होते की दुसऱ्याकडून करून घेतले जाते, पचनीयता किती, १०० ग्रॅममध्ये उष्मांक किती. लहान प्राण्यांच्या पशुवैद्यांची जागतिक संघटना ‘वसावा’ याच धर्तीचे प्रश्न सुचवते. उत्तराऐवजी नुसते माहितीपत्रक आले, तर तेही एक उत्तरच समजावे.

शेवटची तपासणी कुत्र्यावर. चांगले पचणाऱ्या खाद्याने विष्ठा घट्ट, कमी आणि सहज उचलता येईल अशी होते. ढीग वाढला तर खाद्याचा मोठा भाग तसाच बाहेर पडतो आहे. केसांची चमक आणि त्वचा यांचा निकाल लागायला सहा ते आठ आठवडे जातात, वजनाचा त्याहून लवकर. जुन्या खाद्यात नवे मिसळत सात ते दहा दिवसांत बदल करावा. एका दिवसात बदलल्यावर लागणारी हगवण बहुधा घाईमुळे असते आणि तिच्यावरून खाद्याची प्रत ठरत नाही.