पोराच्या कागदावर सही करण्यापूर्वी



ऊस नोंदीचा फॉर्म आपण नीट पाहून देतो. जात कोणती, लागणीची तारीख कोणती, गट नंबर बरोबर पडला का. पण पोरगं खेळात चमकलं, कुणी शिष्यवृत्ती देऊ केली, की आनंदाच्या भरात बोट दाखवतील तिथे सही! परवा आष्टीचे एक सभासद असाच कागद घेऊन आले. मुलगा सोळा वर्षांचा, धावण्यात तरबेज. राहणे, जेवण, बूट, प्रशिक्षण सगळे संस्था देणार. मात्र पाच वर्षे दुसरीकडे जायचे नाही, मध्येच सोडले तर तीन लाख भरायचे, आणि मुदत संपल्यावरही जाहिरातीचे काम आले तर आधी संस्थेला विचारायचे. खाली वडिलांच्या सहीची जागा.

वाचताना श्रीरामपूरच्या झहीर खानची आठवण झाली. तोही आपल्यासारखाच ऊसपट्ट्यातला. २००० साली भारतीय संघात आला, त्याच वर्षी त्याने परसेप्ट डी'मार्क या कंपनीशी तीन वर्षांचा करार केला. त्यात एक कलम होते : मुदत संपल्यावरही दुसऱ्या कुणाचा प्रस्ताव आला तर तो आधी या कंपनीला दाखवायचा, आणि तिने तेवढेच देऊ केले तर काम तिलाच. म्हणजे तीन हंगाम ऊस घातला, आता चौथ्या हंगामालाही आधी आम्हालाच विचारा, असा प्रकार! २००३ मध्ये मुदत संपली आणि वाद कोर्टात गेला. मुंबई उच्च न्यायालयाच्या एका न्यायमूर्तींनी कंपनीच्या बाजूने मनाई दिली, खंडपीठाने ती उठवली. २००६ च्या मार्चमध्ये सर्वोच्च न्यायालयाने खंडपीठाचाच निकाल कायम केला. करार संपल्यावर माणसाच्या धंद्याला घातलेला असा बांध १८७२ च्या करार कायद्याच्या कलम २७ प्रमाणे रद्द ठरतो. शिवाय हे काम विश्वासाचे. विश्वास उडालेल्या माणसाच्या गळ्यात कोर्ट कुणाला बांधत नाही. मुदतीच्या आतली बंधने मात्र बहुधा टिकतात, हे विसरू नका.

झहीर तेव्हा बावीस वर्षांचा होता. आपली पोरं पंधरा-सोळाची. अठराच्या आतल्या मुलाने केलेला करार कायद्याने करारच नव्हे. प्रिव्ही कौन्सिलने १९०३ सालीच तसे ठरवून टाकले आहे. अठरा पुरी झाल्यावर जुन्या कागदाला नुसता होकार देऊनही तो जिवंत होत नाही. खरी मेख वेगळीच आहे. पैशाची हमी तुम्ही स्वतःच्या नावाने लिहून दिली, तर वसुली तुमच्यामागे लागू शकते. मुकादमाच्या उचलीला जामीन राहिलेल्यांना हे वेगळे सांगायला नको. त्यातही एक दिलासा आहे बरं का : कागदावर तीन लाख लिहिले म्हणून कोर्ट तीन लाख देतेच असे नाही. कलम ७४ प्रमाणे वाजवी भरपाई, आणि ती लिहिलेल्या आकड्याच्या आतच.

वकिलाची फी हा प्रश्न असेल तर जालन्याला जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे. १९८७ च्या कायद्याने स्त्रिया, मुले, अनुसूचित जाती-जमाती यांना तिथे मोफत सल्ला मिळतो, उत्पन्नाची अट नाही. जाताना कागदाची प्रत आणि मुलाच्या जन्मतारखेचा दाखला बरोबर ठेवा.

आमच्या त्या सभासदांनी सही अजून केलेली नाही. मुदतीनंतरचे कलम काढा आणि तीन लाखांचा हिशेब दाखवा, असे त्यांनी संस्थेला रजिस्टर टपालाने कळवले आहे. उत्तर यायचे आहे. पोरगं रोज पहाटे पळतंच आहे.