विश्लेषण : जुन्या मिलिंग मशीनला स्वतःच बसवा ‘डीआरओ’, पण अचूकता खरेच वाढते का?

तळेगाव दाभाडेची एमआयडीसी आणि शेजारचे चाकण यामुळे मावळातील छोट्या वर्कशॉपना सुटे भाग, फिक्श्चर आणि दुरुस्तीची कामे मिळतात. ड्रॉइंगवर टॉलरन्स मिलिमीटरच्या शंभराव्या भागात असतो, मशीन मात्र अनेकदा मागच्या पिढीचे. नवे सीएनसी लाखांच्या घरात जाते. मग हाताने चालणाऱ्या मिलिंग मशीनलाच डिजिटल रीडआऊट, म्हणजे ‘डीआरओ’ जोडण्याचा मार्ग उरतो. तो घरच्या घरीही तयार करता येतो. त्याने काय साधते आणि काय नाही?

जुन्या मशीनवर चूक होते कुठे?

एचएमटीच्या पिंजोर कारखान्यात बनलेली मिलिंग मशीन आजही वापरात आहेत. अशा मशीनचे टेबल हॅन्डव्हील फिरवून सरकते. एका फेरीत टेबल ५ मिमी सरकत असेल, तर ८७.५ मिमीसाठी साडेसतरा फेऱ्या मोजाव्या लागतात. मध्येच फोन वाजला, एक फेरी चुकली, की भोक ५ मिमी बाजूला पडते आणि जॉब भंगारात जातो. दुसरी अडचण बॅकलॅशची. स्क्रू आणि नट झिजले की दिशा बदलताना चाक थोडे फिरते, पण टेबल जागेवरच राहते. डायल त्या वेळी खोटे बोलते.

डीआरओ वेगळे काय करतो?

तो चाक किती फिरले हे पाहत नाही. टेबल प्रत्यक्षात किती सरकले ते मोजतो. टेबलावर स्केल आणि स्थिर भागावर रीडर बसतो. काचेच्या स्केलवर बारीक रेघा असतात. त्यातून जाणारा प्रकाश सेन्सर मोजतात. दोन सिग्नल पाव टप्प्याच्या अंतराने येत असल्याने दिशाही कळते. अशा स्केल सहसा ५ मायक्रॉनपर्यंत वाचतात.

घरगुती जोडणी कशी होते?

स्वस्त पर्याय म्हणजे डिजिटल व्हर्निअरसारख्या कपॅसिटिव्ह स्केल. त्या ०.०१ मिमीपर्यंत वाचतात. अनेक स्केलमध्ये डेटा बाहेर काढण्याची सोय असते, पण सिग्नल जेमतेम दीड व्होल्टचा असतो. त्यामुळे आर्डुइनो किंवा ईएसपी३२ बोर्डला जोडण्यापूर्वी व्होल्टेज वाढवणारे छोटे सर्किट लागते. पुढे ब्लूटूथने आकडे जुन्या अँड्रॉइड टॅबवर दिसतात. ‘टचडीआरओ’सारखे ॲप त्यासाठीच आहे.

स्केल थोडी तिरकी बसली तर?

३०० मिमी लांबीत १ मिमीचा तिरकेपणा असेल, तर चूक दोन मायक्रॉनहूनही कमी येते. तोच ५ मिमी झाला, तर ती सुमारे ०.०४ मिमीवर जाते. त्यामुळे डायल गेज लावून स्केल टेबलाला समांतर आहे का, हे आधी तपासावे.

लोणावळ्याच्या पावसाचा काय संबंध?

कपॅसिटिव्ह स्केलला ओलावा आणि कूलंट सोसत नाही. आकडे उड्या मारू लागतात. घाटमाथ्यावरच्या दमट पावसाळ्यात ही अडचण जास्त जाणवते. तिथे सीलबंद काचेची किंवा मॅग्नेटिक स्केल बरी. धातूचा किस आत जाऊ नये म्हणून पत्र्याचे कव्हर हवेच. वीज गेली की काचेच्या साध्या स्केलचे शून्य हरवते. जॉबचा संदर्भ काठ पुन्हा पकडावा लागतो.

मग मशीन नव्यासारखे होते का?

नाही. डीआरओ मोजमाप सुधारतो, झीज भरून काढत नाही. स्लाइड झिजली असेल, तर टेबल कलते आणि आकडा बरोबर असूनही भोक तिरके पडते. बॅकलॅशही तसाच राहतो. कटरच्या ओढीने टेबल खेचले जाऊ नये म्हणून काम करताना लॉक घट्ट हवेत.

भरवसा कधी ठेवायचा?

स्क्रीनवर ०.००५ दिसते म्हणून मशीन तितके अचूक ठरत नाही. २५ मिमीची स्लिप गेज आणि डायल गेज घेऊन टेबलाच्या दोन्ही टोकांना आणि मध्ये आकडा ताडून पाहावा. फरक वहीत लिहावा. बसवताना मेन स्विच बंद ठेवावा, भोक पाडताना ऑइल लाइन सांभाळावी आणि तारा सरकत्या टेबलापासून दूर बांधाव्यात. तपासणी पार पडली, तर फेऱ्या मोजण्याचे ओझे उतरते आणि त्या चुकांपायी होणारे रिजेक्शन टळते.