ठाण्याचे रक्तसाक्षी धन्यवादित थॉमस टोलेंटिनो

खडकी येथील आपले चर्च संत इग्नेशियस यांच्या नावाचे आहे. त्यांचे सोबती संत फ्रान्सिस झेवियर १५४२ साली गोव्यास आले. त्यामुळे आपल्या भागात ख्रिस्ताची सुवार्ता पोर्तुगीजांबरोबरच पोहोचली, असे पुष्कळ भाविकांना वाटते. वस्तुतः खडकीहून मुंबईकडे जाणारी आगगाडी ज्या ठाण्यावरून जाते, तेथे वास्को द गामा भारतात येण्याच्या १७७ वर्षे अगोदर चार फ्रान्सिसकन बंधूंनी श्रद्धेसाठी प्राणार्पण केले होते.

त्यांतील ज्येष्ठ थॉमस हे इटलीतील टोलेंटिनो गावचे. संत फ्रान्सिस यांचे दारिद्र्याचे व्रत काटेकोरपणे पाळण्याच्या आग्रहापायी त्यांना आपल्याच संघाकडून कारावास भोगावा लागला. सुटकेनंतर ते आर्मेनियात गेले. चीनमधील मिशनकार्याची वार्ता १३०७ साली पोप पाचवे क्लेमेंट यांच्यापर्यंत त्यांनीच पोहोचविली.

पुढे होर्मुझहून ते कोल्लमकडे निघाले. पण वाऱ्याने जहाज ठाण्यास लागले. सोबत पादुआचे जेम्स, सिएनाचे पीटर आणि तिफ्लिसचे दुभाषी डिमिट्रियस होते. नेस्टोरियन ख्रिस्ती कुटुंबाने त्यांना आसरा दिला. त्या घरातील पतिपत्नीचा कलह काझीपुढे गेला आणि हे पाहुणे साक्षीदार म्हणून बोलाविले गेले. पीटर मात्र सामानाची राखण करीत घरीच थांबले. साक्षीवरून गोष्ट धर्मचर्चेवर गेली. पैगंबरांविषयी विचारले असता थॉमस यांनी दिलेले उत्तर कठोर होते. ते झाकून ठेवणे आम्हांस योग्य वाटत नाही. ९ एप्रिल १३२१ रोजी तिघांचा वध झाला. मागे राहिलेल्या पीटर यांनाही ११ एप्रिलला, झावळ्यांच्या रविवारच्या आदल्या दिवशी, मरण आले. दिल्लीच्या सुलतानाने यासाठी ठाण्याच्या अधिकाऱ्यास शिक्षा केली, असे प्रवासी धर्मबंधू ओडोरिक यांनी नोंदविले आहे.

त्यांचे सहप्रवासी, डॉमिनिकन धर्मगुरू जॉर्डन कातालानी, त्या वेळी ठाण्यात नव्हते. परतल्यावर त्यांनी देह सोपाऱ्यास नेऊन तेथील ख्रिस्तमंदिरात पुरले. एकटे पडूनही ते याच किनाऱ्यावर स्नानसंस्कार देत राहिले. १३२९ साली पोप बावीसावे जॉन यांनी त्यांना कोल्लमचे बिशप नेमले. रक्तसाक्ष्यांच्या अस्थी ओडोरिक यांनी समुद्रमार्गे चीनमधील झैतून बंदरी, आपल्या संघाच्या मठात नेल्या. वाटेत वारा पडला तेव्हा एक अस्थी समुद्रात सोडताच शिडे भरली, अशी आठवण ते सांगतात. थॉमस यांचे शिर पुढे टोलेंटिनोस पोहोचले.

पोप तेरावे लिओ यांनी १८९४ साली थॉमस यांच्या धन्यवादित पदास मान्यता दिली. संतपद त्यांना अद्याप मिळालेले नाही. त्यांना प्रथम जेथे मूठमाती मिळाली, ते सोपारे १९९८ पासून वसई धर्मप्रांतात आहे.