कमरेचे पिस्तूल : भरवसा आणि सुरक्षितता

पोलीस अधिकाऱ्याच्या कमरेचे पिस्तूल आपण सर्वांनी पाहिलेले असते. ते बहुतेक काळ म्यानातच असते. पावसात भिजते, धुळीने माखते आणि भर बाजारात आपल्या शेजारून जाते. म्हणून त्याच्या निवडीचा प्रश्न केवळ खात्याचा नाही, आपलाही आहे. या शस्त्राकडून अपेक्षा दोनच : चाप ओढला की बार झालाच पाहिजे, आणि चाप ओढला नाही तर तो कदापि होता कामा नये. पहिल्या गुणाला आपण भरवसा म्हणू, दुसऱ्याला सुरक्षितता. हे दोन गुण सख्खे भाऊ वाटतात. पण वाटणीची वेळ आली की भांडू लागतात.

भरवशाची कसोटी कशी घेतात, याचे जुने उदाहरण अमेरिकेचे आहे. तेथील सैन्याने मार्च १९११ मध्ये कोल्ट आणि सॅव्हेज या दोन पिस्तुलांतून प्रत्येकी ६,००० गोळ्या झाडून पाहिल्या. सॅव्हेज ३७ वेळा अडले. जॉन ब्राउनिंग यांनी रचलेले कोल्ट एकदाही अडले नाही. तेच स्वीकारले गेले. पण त्यापूर्वीच घोडदळाच्या आग्रहावरून त्याला अंगठ्याने फिरवण्याचा खटका जोडावा लागला होता. एका हाती लगाम धरलेल्या स्वाराला, बारास सज्ज झालेले पिस्तूल दुसऱ्या हाताने तत्काळ निर्धोक करता यावे, हा हेतू. खटका उपयोगी खरा. पण ऐन प्रसंगी तो उघडण्यास जो विसरेल, त्याच्या हाती निव्वळ लोखंड उरते.

दुसरा धोका अज्ञानाचा. मॅगझिन काढले की पिस्तूल रिकामे झाले, अशी पुष्कळांची समजूत असते. वस्तुतः एक काडतूस नळीच्या मागच्या टोकाशी बसलेले असू शकते. ब्राउनिंग यांनीच आरंभलेल्या आणि १९३५ मध्ये सिद्ध झालेल्या हाय-पॉवर पिस्तुलात मॅगझिन काढताच चाप निकामी करणारी योजना होती. आपल्या ईशापूरच्या कारखान्यातील ९ मि.मी. पिस्तूल याच घराण्यातले. परंतु या योजनेचेही मोल द्यावे लागते : मॅगझिन बदलण्याच्या क्षणी शत्रू समोर आला, तर नळीतले शेवटचे काडतूसही उडत नाही.

तिसरा धोका पडण्याचा. धावती एस.टी. एकदम थांबली की उभे उतारू पुढे झुकतात. पिस्तूल जमिनीवर आदळते तेव्हा त्याचा सांगाडा थांबतो, आतले भाग मात्र चालू गतीने पुढे जाऊ पाहतात. जानेवारी २०१७ मध्ये अमेरिकन सैन्याने सिग सॉअरचे पी-३२० हे पिस्तूल निवडले. पाडून घेतलेल्या चाचणीत त्याची पिन काडतुसाच्या टोपीवर आदळल्याचे आढळले. मागच्या बाजूवर पडल्यास चाप आपल्याच वजनाने मागे जाई. उपाय साधा होता : चापाचे भाग हलके करणे. नागरिकांना विकलेल्या पिस्तुलांसाठीही कंपनीने ऑगस्ट २०१७ मध्ये तशी दुरुस्ती विनामूल्य देऊ केली. येथे जास्तीचा खटका नको होता. वजन कमी करायचे होते.

यावरून आम्हांस असे वाटते की, खरेदी करणाऱ्याने खटके मोजत बसू नये. विक्रेत्याने निवडून आणलेले पिस्तूल न घेता ढिगातले कोणतेही उचलावे. शिपायाला मिळणारीच काडतुसे भरावीत, चिखलात घालावे, निरनिराळ्या बाजूंनी पाडावे. दोष सापडायचाच असेल तर तो चाचणीच्या मैदानावर सापडावा, बाजारात नव्हे.

आणि इतके करूनही शेवटचा खटका माणसाचाच. वेळ येईपर्यंत बोट चापाबाहेर ठेवण्याची सवय कोणत्याही कारखान्यात तयार होत नाही. ती रोजच्या सरावानेच अंगी बाणते. म्हणून पिस्तुलाच्या किमतीत त्या सरावाचा खर्चही धरला पाहिजे.