पहिली बांग

नांदेडला किंवा लातूरला पहाट होऊ लागली, की मशिदीतून एक धीरगंभीर स्वर कानी येतो. ती अजान, मराठीत तिला बांग म्हणतात. नमाजाची वेळ झाल्याची ही हाक दिवसातून पाच वेळा दिली जाते. ती देणाऱ्यास मुअज्जिन म्हणतात. इस्लामच्या इतिहासातील पहिले मुअज्जिन हजरत बिलाल हे एके काळी गुलाम होते.

बिलाल यांचे घराणे मूळचे हबसाणातले, म्हणजे आजच्या इथिओपियाकडचे. पुढे सुमारे हजार वर्षांनी मराठवाड्यात खडकी शहर वसविणारा मलिक अंबरही त्याच भूमीतून गुलाम म्हणून विकला गेला होता.

बिलाल मक्केत उमय्या नावाच्या धनिकाच्या पदरी होते. गुलामाचे श्रमच काय, त्याचा देहही धन्याच्या मालकीचा असे. त्या काळी हजरत महंमद पैगंबर लोकांना सांगत, की ईश्वर एकच आहे आणि त्याच्यापुढे धनी व दास समान आहेत. बिलाल यांना ही शिकवण पटली. अगदी आरंभी इस्लाम स्वीकारणाऱ्या मोजक्या लोकांत त्यांची गणना होते.

हे कळताच धनी संतापला. भर दुपारी तो त्यांना तापलेल्या वाळूत उताणे निजवी, छातीवर जड शिळा ठेववी आणि नवा धर्म सोडण्यास बजावी. बिलाल यांच्या मुखातून एकच शब्द निघे : ‘अहद, अहद.’ अहद म्हणजे एक. देह धन्याचा होता. मन त्यांचे स्वतःचे होते. अखेर पैगंबरांचे सोबती हजरत अबू बक्र यांनी मोबदला देऊन त्यांना मुक्त केले.

इ. स. ६२२ मध्ये पैगंबर मदिनेस गेले. तेथे लोकांना नमाजासाठी कसे बोलवावे, असा प्रश्न पडला. कोणी शिंग फुंकावे म्हणाले, कोणी घंटा सुचविली. शेवटी मनुष्याच्या कंठानेच हाक द्यावी, असे ठरले. बिलाल यांचा आवाज खणखणीत व मधुर असल्याने हा मान त्यांना मिळाला.

इ. स. ६३० मध्ये मक्का पैगंबरांच्या हाती आली. तेव्हा बिलाल यांनी काबागृहाच्या छतावर चढून बांग दिली. कित्येक कुलीनांना हे रुचले नाही. परंतु ज्या नगरीने त्यांना वाळूत तळमळताना पाहिले, तिनेच आता त्यांचा स्वर ऐकला.

इ. स. ६३२ मध्ये पैगंबर निवर्तले. त्यानंतर बिलाल यांना बांग देववेना. ते सीरियाकडे निघून गेले. पुढे खलीफा उमर तेथे आले असता लोकांच्या आग्रहास्तव त्यांनी पुन्हा बांग दिली आणि ऐकणाऱ्यांचे डोळे पाणावले, असे सांगतात.

बिलाल यांच्यापाशी धन नव्हते, कुळाचे बळ नव्हते. होती ती अढळ निष्ठा. म्हणूनच आज चौदाशे वर्षांनंतरही मुअज्जिन त्यांचे नाव आदराने घेतात.