राजस्त्रियांच्या रोमन नाण्यांवरील विभक्ती

रोमन साम्राज्याच्या पहिल्या शतकातील ज्या नाण्यांना सोयीसाठी कांस्यनाणी म्हटले जाते, त्यांपैकी सेस्टर्शिअस व डुपॉण्डिअस ही वस्तुतः पितळेची असत. त्यांवरील राजस्त्रियांच्या मुद्रा पाहताना दृष्टी प्रथम केशरचनेकडे व मुखसाम्याकडे जाते. त्या स्त्रीचे राजकुलातील नाते मात्र भोवतालच्या लेखातील विभक्तीच सांगतात.

टायबीरिअसच्या इ. स. २२-२३ च्या एका डुपॉण्डिअसवर स्त्रीमुखाखाली 'सालूस ऑगस्टा' एवढीच अक्षरे आहेत. ऑगस्टसची विधवा लिव्हिया हिला त्याच्या मृत्युपत्रान्वये इ. स. १४ मध्ये 'ऑगस्टा' हे नाव मिळाले होते. परंतु येथे तो शब्द 'सालूस' म्हणजे क्षेम, या स्त्रीलिंगी नामाचे विशेषणही ठरतो. मुख लिव्हियेचे की देवतेचे, हा वाद व्याकरणाने मिटत नाही; किंबहुना व्याकरणच त्यास वाव देते.

थोरल्या आग्रिपिनेचे नाणे याहून बोलके आहे. टायबीरिअसने तिला इ. स. २९ मध्ये पांडातेरिया बेटावर हद्दपार केले. ३३ मध्ये ती तेथेच मरण पावली. ३७ मध्ये पुत्र कॅलिग्युला सम्राट होताच त्याने स्वतः तिच्या अस्थी रोमला आणल्या आणि तिच्या नावाचा सेस्टर्शिअस पाडविला. त्याच्या मागील बाजूस खेचरांनी ओढलेला छतदार रथ व 'मेमोरिआए आग्रिप्पिनाए' हे शब्द आहेत. दोन्ही पदांचा प्रत्यय एकच. तथापि पहिले पद चतुर्थीचे, दुसरे षष्ठीचे : 'आग्रिपिनेच्या स्मृतीस'. 'मालायाः' हे रूप पंचमीचेही व षष्ठीचेही असते, हे जाणणाऱ्या संस्कृतज्ञास यात नवल वाटणार नाही.

दर्शनी बाजूस ती 'मार्कसची कन्या, गायस सीझर ऑगस्टसची माता' आहे. हा गायस म्हणजेच कॅलिग्युला. पती जर्मानिकस याचा उल्लेखही नाही. पुढे क्लॉडिअसच्या कारकीर्दीतील (४१-५४) सेस्टर्शिअसवर तीच 'आग्रिपिना, मार्कसची कन्या, जर्मानिकस सीझरची' अशी अवतरते. 'कन्या' हा शब्द संक्षेपाने का होईना, लिहिला आहे. 'पत्नी' हा शब्द मुळीच नाही, कारण लॅटिनमध्ये त्या अर्थी पतीच्या नावाची नुसती षष्ठी चालते. 'माता' हे पद मात्र गळाले आहे. क्लॉडिअस हा जर्मानिकसचा भाऊ. ४१ मध्ये मारल्या गेलेल्या कॅलिग्युलाचे नाव टाळून भावजयीचा मान राखण्यास त्याला ती एक षष्ठी पुरली.